प्रवाळाला पुरेल तेवढा उजेड

एलईडीखाली प्रवाळ नीट वाढतात की नाही, हा वाद मिटून आता बरीच वर्षं झाली. मेटल हॅलाइड दिव्यांशिवाय अ‍ॅक्रोपोरा नावाचं प्रवाळ जगणारच नाही असं छातीठोकपणे सांगणारे जुने हौशीसुद्धा एलईडीवर आले आहेत. आज घरी रीफ टँक लावणाऱ्यापुढची अडचण निराळी आहे. काही हजारांपासून लाखाच्या घरात जाणारे दिवे बाजारात आहेत, जवळपास प्रत्येकाच्या खोक्यावर 'फुल स्पेक्ट्रम' छापलेलं असतं आणि दुकानदार असो की मित्र, शेवटी सल्ला एकच मिळतो: परवडेल तेवढा मोठा दिवा घ्या. हा सल्ला मला पटत नाही. घरगुती रीफ टँकमध्ये उजेड कमी पडून होतं त्याहून जास्त नुकसान तो एकाच जागी फार पडल्यामुळे होतं, असं अनेक टँक पाहून माझं मत झालं आहे. दिव्याची ताकद पाहण्याआधी त्याचा उजेड किती सारखा पसरतो ते पाहावं, आणि ताकद जोखताना डोळ्यांवर विसंबू नये. या दोन गोष्टी सांभाळल्या तर पैसाही वाचतो आणि प्रवाळही.

प्रवाळ हा प्राणी. त्याच्या पेशींच्या आत झूझँथेली म्हणून ओळखले जाणारे एकपेशीय जीव राहतात. ते प्रकाशसंश्लेषण करतात आणि त्यातून तयार होणाऱ्या साखरेचा मोठा वाटा यजमानाला देतात. उथळ, स्वच्छ पाण्यातल्या अनेक प्रवाळांची ऊर्जेची बहुतांश गरज यातूनच भागते. टँकवरचा दिवा म्हणजे आधी प्रवाळाचं अन्न, शोभा त्यानंतर. झूझँथेलींकडे क्लोरोफिल ए, क्लोरोफिल सी२ आणि पेरिडिनिन ही मुख्य रंगद्रव्यं असतात. पहिली दोन जांभळ्या-निळ्या पट्ट्यात, साधारण ४३० ते ४६० नॅनोमीटरच्या आसपास जोरात प्रकाश शोषतात. पेरिडिनिन त्यापुढचा निळा-हिरवट पट्टा सांभाळतं. क्लोरोफिल ए लाल प्रकाशही घेतं, पण समुद्रात लाल पोचतोच कुठे?

पाणी लाल प्रकाश फार लवकर गिळतं. ६५० नॅनोमीटरचा लाल प्रकाश दहा मीटर खाली जाईपर्यंत शंभरातला जेमतेम तीन-चार भाग उरतो, वीस मीटरवर जवळपास काहीच नाही. निळा मात्र स्वच्छ समुद्रात त्या मानानं फारसा घटत नाही. आपल्याकडचं उदाहरण घ्यायचं तर विजयदुर्गच्या पश्चिमेला साधारण १०० किलोमीटरवर, भर समुद्रात असलेल्या आंग्रिया बँकचं घेता येईल. कान्होजी आंग्र्यांचं नाव मिळालेलं हे पाण्याखालचं पठार सर्वांत उथळ जागीही सुमारे वीस मीटर खोल आहे, आणि तरी तिथे प्रवाळ आहेत. किनाऱ्यापासून दूर असल्यामुळे पाणी नितळ, म्हणून निळा उजेड तिथवर उतरतो. अशा निळ्या जगात लाखो वर्षं वाढलेल्या प्राण्याला आपण दिवाणखान्यात ठेवतो. त्यामुळे रीफचे दिवे निळे का असतात हा प्रश्न एवढ्यावरच सुटतो. अवघड प्रश्न त्यानंतरचा आहे: तो निळा किती आहे हे कळायचं कसं?

माणसाचा डोळा या कामाला अगदी निरुपयोगी आहे. आपली नजर ५५५ नॅनोमीटरच्या पोपटी-हिरव्या प्रकाशाला सर्वांत तिखट असते. रीफच्या दिव्यांमधला मुख्य निळा, ज्याला सगळे रॉयल ब्लू म्हणतात, तो ४५० नॅनोमीटरच्या आसपास असतो. तेवढ्याच ऊर्जेचा हा निळा आपल्याला हिरव्याच्या सुमारे चार टक्केच उजळ भासतो. ४०० ते ४२० मधला जांभळा तर जवळजवळ दिसतच नाही. दुकानात एकाच आकाराचे दोन दिवे शेजारी लावा, एक पांढरा झगझगीत आणि एक गडद निळा. गिऱ्हाईक हमखास पांढऱ्याला 'पॉवरफुल' म्हणेल. प्रवाळासाठी दुसरा कदाचित दुपटीनं जोरकस असेल. घरी आणल्यावर हीच चूक उलट्या बाजूनं होते. निळा टँक संध्याकाळी मंद, अंधारलेला वाटतो, म्हणून दिवा सत्तर टक्क्यांवरून शंभरावर नेला जातो, आणि पंधरा दिवसांत वरच्या रॉकवरची झोआ नावाची मऊ प्रवाळं मिटून बसतात.

मोबाइलमधलं लक्स मोजणारं अ‍ॅपही याच खोड्यात अडकतं, कारण लक्स हे मापच माणसाच्या नजरेवर बेतलेलं आहे. उन्हासाठी लक्सला ५४ नं भागलं की प्रकाशसंश्लेषणाच्या उपयोगी प्रकाशाचा अंदाज बऱ्यापैकी येतो. निळ्या एलईडीखाली तोच भागाकार खऱ्या आकड्याच्या कितीतरी खाली नेऊन ठेवतो. वॅटचंही तसंच. वॅट म्हणजे दिवा किती वीज खातो. त्यातून किती उजेड निघतो आणि तो कुठे पडतो हे त्यातून कळत नाही. प्रकाशाचं रंगतापमान सांगणारा केल्विनचा आकडा मेटल हॅलाइडच्या काळात कामाचा होता. दहा हजार, चौदा हजार, वीस हजार अशा बल्बांमधला फरक त्यातून समजायचा. एलईडीत वेगवेगळ्या रंगांचे सुटे उंचवटे असतात, त्यांच्यावर केल्विनचा एकच शिक्का मारून फारसं काही हाती लागत नाही.

उपयोगाचं माप एकच, पार. ४०० ते ७०० नॅनोमीटरच्या पट्ट्यातले किती फोटॉन दर सेकंदाला एका चौरस मीटरवर पडतात, ते मायक्रोमोलमध्ये सांगणारं. उष्ण कटिबंधात भर दुपारी समुद्राच्या पृष्ठभागावर पार २००० च्या आसपास जातो. हा आकडा ऐकून अनेकांना वाटतं की घरात आपण प्रवाळांना उपाशीच ठेवतो. तसं नाही. बहुतेक प्रवाळांचं प्रकाशसंश्लेषण साधारण २०० ते ४०० च्या दरम्यान गच्च भरतं. त्यापुढचा उजेड साखर वाढवत नाही, उलट झूझँथेलींना तो झटकून टाकण्यासाठी कष्ट करावे लागतात. अमेरिकेत डॅना रिडल यांनी हौशींसाठी या विषयावर वर्षानुवर्षं लिहिलं आहे, आणि पेन स्टेट विद्यापीठातले प्राध्यापक संजय जोशी यांनी बल्ब आणि एलईडी दिव्यांची पद्धतशीर मोजमापं करून ती सगळ्यांसाठी खुली केली. या दोघांच्या कामामुळे घरगुती रीफचा उजेड अंदाजपंचे कारभारातून बाहेर आला, असं म्हणायला हरकत नाही.

व्यवहारात धरायचे आकडे असे. मशरूम, झोआ, लेदर, झेनिया यांच्यासारख्या मऊ प्रवाळांना ५० ते १५० पार पुरतो. हॅमर, टॉर्च, ब्रेन अशा मोठ्या पॉलिपच्या दगडी प्रवाळांना, म्हणजे एलपीएसना, ८० ते २००. अ‍ॅक्रोपोरा, मॉन्टीपोरा, बर्ड्सनेस्ट या लहान पॉलिपच्या दगडी प्रवाळांना, म्हणजे एसपीएसना, २०० ते ३५०. या सीमा लवचीक आहेत; शंभर पारमध्ये वाढवलेलं मॉन्टीपोरा अनेकांनी पाहिलेलं असतं. पण खरेदीच्या वेळी 'माझ्या टँकमध्ये कोण राहणार' हे ठरलेलं नसेल तर कुठल्याही दिव्याबद्दल बोलण्यात अर्थ नाही.

भारतात राहणाऱ्यांसाठी इथेच कायद्याची बाब येते, आणि तिचा दिव्याच्या निवडीशी थेट संबंध आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली सगळे दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ, फायर कोरल, ऑर्गन पाइप कोरल आणि समुद्रपंखे घातले गेले. वाघाला ज्या अनुसूचीत जागा आहे, तीच ही. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ पासूनचं. तिथून किंवा किनाऱ्यावरून कुठूनही प्रवाळाचा तुकडा उचलून आणणं हा गुन्हा आहे, मग तो टँकसाठी असो की शोकेससाठी. दगडी प्रवाळांचा आंतरराष्ट्रीय व्यापार वन्यजीवांच्या व्यापारावरच्या साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टाखाली चालतो, आणि २०२२ च्या दुरुस्तीनं साइट्सच्या यादीतले जीव बाळगण्याची नोंदही आपल्या कायद्यात आणली. विक्रेता आयातीची कागदपत्रं दाखवू शकत नसेल तर ते प्रवाळ घरी आणू नये, यात तडजोड नको. मशरूम आणि झोआ हे दगडी प्रवाळांच्या गटात मोडत नाहीत, लेदर आणि झेनियाही नाहीत. म्हणून मुंबई, ठाणे, पुण्यातल्या घरासाठी मऊ प्रवाळांचा टँक हीच शहाणपणाची वाट, असं मी नेहमी सांगतो. मग उजेडही १०० पारच्या आसपासचा लागतो. अमेरिकेत किंवा युरोपात राहणाऱ्या मराठी हौशींना शेतीत वाढवलेली अ‍ॅक्रोपोराची फ्रॅग (छोटा तुकडा) सहज मिळते, त्यांचं गणित वेगळं. पण त्यांच्यासाठी बनलेल्या दिव्यांची परीक्षणं पाहून इथला माणूस दिवा घेतो, आणि मशरूमवर अ‍ॅक्रोपोराचा उजेड टाकतो.

एलईडीआधी काय होतं हे थोडं पाहिल्याशिवाय आजच्या दिव्यांचा दोष कळत नाही. नव्वदच्या दशकात २५० आणि ४०० वॅटचे मेटल हॅलाइड बल्ब हा रीफचा सूर्य होता. उजेड भरपूर, लहरींची सुंदर झळाळी वाळूवर नाचायची, पण उष्णता भयंकर. मग टी५ फ्लुरोसंट नळ्या आल्या. चार फुटी टँकवर ५४ वॅटच्या सहा किंवा आठ नळ्या, प्रत्येकीमागे आरशासारखा रिफ्लेक्टर. त्या दिसायला सपाट वाटायच्या, पण प्रवाळांच्या रंगासाठी आणि सारख्या वाढीसाठी आजही लोक त्यांची आठवण काढतात. एलईडीचा पाया १९९३ च्या सुमारास पडला, जेव्हा जपानमध्ये शुजी नाकामुरांनी झगझगीत निळा एलईडी बनवून दाखवला. २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना या निळ्या दिव्यासाठीच मिळालं. पीएफओ कंपनीचा सोलॅरिस हा रीफसाठीचा सुरुवातीचा एलईडी दिवा २००६-०७ च्या सुमाराचा, इकोटेकचा रेडिऑन २०११ चा. या प्रवासात वीज वाचली, उष्णता घटली, रंग हातात आले. हातचं गेलं ते टी५ चं पसरट, चारी बाजूंनी येणारं ऊन.

हे नुकसान नेमकं कसं होतं ते प्रवाळाच्या एका वसाहतीजवळ जाऊन पाहण्यासारखं आहे. दोन फुटी टँक, मधोमध आठ-दहा इंच उंचीवर एक छोटा चौकोनी दिवा, ज्याला हौशी लोक 'पक' म्हणतात. सगळा उजेड तळहाताएवढ्या जागेतून निघतो. दिव्याच्या बरोबर खाली, रॉकच्या माथ्यावर पार साडेतीनशे येतो आणि पुढच्या कोपऱ्यात, जेमतेम फुटावर, ऐंशीच्या खाली घसरतो. पत्र्याच्या भोकातून येणाऱ्या तिरिपीसारखा हा उजेड: जिथे पडतो तिथे कडक, बाजूला सावली. त्या माथ्यावर फांद्यांचं प्रवाळ ठेवलं की काही महिन्यांत त्याची टोकं फिकी, जवळजवळ पांढरी दिसतात, आणि त्याच फांदीच्या पोटाखाली ऊती तपकिरी होऊन मग मागे सरकतात, पांढरा सांगाडा उघडा पडतो. एकाच वसाहतीत वरून भाजणं आणि खालून उपासमार. मालक वरचा फिकटपणा पाहून दिवा कमी करतो आणि खालची बाजू आणखी मरते. किंवा खालची बाजू पाहून दिवा वाढवतो आणि टोकं जळतात. दोन्ही वेळा बटणाकडे हात जातो, खरी गरज मात्र दुसऱ्या बाजूनं उजेड आणण्याची असते.

म्हणून दिव्यांचे प्रकार त्यांच्या कंपनीपेक्षा आकारानं लावावेत. पक प्रकारात एआय कंपनीचे प्राइम आणि हायड्रा, इकोटेकचे रेडिऑन, केसिलचे दंडगोल दिवे येतात. केसिलमध्ये सगळ्या चिप एकाच बिंदूत दाटलेल्या असल्यामुळे रंग चांगले मिसळतात आणि लहरींची झळाळी हॅलाइडच्या जवळ जाते. सावल्याही तितक्याच कडक पडतात. स्वस्त दिव्यांत वेगवेगळ्या रंगांच्या चिप लांब लांब बसवलेल्या असतात, तेव्हा वाळूवर लाल-हिरव्या-निळ्या ठिपक्यांची रांगोळी दिसते, ती डोळ्याला खुपते. दुसरा प्रकार पसरट पॅनेलचा, फिलिप्सच्या कोरलकेअरसारखा किंवा ऑर्फेकच्या अ‍ॅटलांटिकसारखा. मोठ्या पृष्ठभागातून मऊ उजेड, सावल्या विरळ, झळाळी कमी. तिसरा पट्ट्यांचा, म्हणजे टँकच्या लांबीइतके सरळ बार. चौथा टी५ आणि एलईडीची जोडगोळी. ही जोडी प्रवाळांसाठी उत्तम होती, पण तिच्याकडे आता नव्यानं वळू नये. पाऱ्यामुळे फ्लुरोसंट नळ्यांचा काळ संपत आला आहे. युरोपीय संघात सर्वसाधारण टी५ नळ्या २०२३ च्या ऑगस्टपासून बाजारात आणता येत नाहीत, आणि पाऱ्यावरच्या मिनामाता करारानं २०२७ अखेरची मुदत घातली आहे. मत्स्यालयाच्या खास नळ्या काही काळ मिळतीलही, पण दर वर्षी बदलाव्या लागणाऱ्या वस्तूवर नवा टँक उभारणं शहाणपणाचं नाही.

मला स्वतःला घरगुती टँकसाठी एका जोरदार दिव्यापेक्षा दोन मध्यम दिवे केव्हाही बरे वाटतात. पकवर निर्माते '२४ × २४ इंच' असं लिहितात. मऊ प्रवाळांसाठी ते चालतं. दगडी प्रवाळांसाठी तो आकडा १८ × १८ धरावा. तीन फुटी टँकला एक पक मध्ये टांगण्याऐवजी दोन पक प्रत्येकी चाळीस टक्क्यांवर चालवले तर उजेड दोन दिशांनी येतो, फांद्यांच्या पोटाखाली पोचतो, चिप थंड राहतात आणि पंखाही कमी फिरतो. ज्यांच्याकडे आधीच पक आहेत त्यांनी पुढच्या आणि मागच्या काचेलगत एकेक निळा बार जोडावा. पारचा आकडा फारसा न वाढवताही टँकचा कायापालट होतो. दिवा दोन-चार इंच वर उचलणं हा तर फुकटचा उपाय. वरचा आकडा घटतो, कोपरे भरतात.

रंगांच्या बाबतीत लोक फार वेळ घालवतात, आणि त्यातला बराचसा वाया जातो. प्रवाळाच्या वाढीचं काम ४०० ते ४८० मधला जांभळा-निळा पट्टा करतो. प्रवाळांची चमकती हिरवी, नारिंगी झाक त्यांच्या स्वतःच्या प्रथिनांमुळे येते. निळा प्रकाश घेऊन ती हिरवा किंवा लाल परत फेकतात. या कुळातलं पहिलं प्रथिन एका जेलीफिशमध्ये सापडलं, त्यावरच्या कामाला २००८ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. प्रयोगशाळेत जगभर वापरलं जाणारं लाल प्रथिन मात्र टँकमधल्या मशरूमच्या भावकीतलं, डिस्कोसोमाचं. ते १९९९ साली जाहीर झालं. ही रंगीत प्रथिनं निळ्या प्रकाशाच्या मात्रेनुसार कमी-जास्त तयार होतात, हे साउदॅम्प्टन विद्यापीठातल्या योर्ग वीडेनमान यांच्या गटानं २००८ मध्ये दाखवलं. म्हणजे रंग हवेत तर निळा पुरेसा हवा. लाल चॅनलबद्दल, म्हणजे दिव्यात वेगळ्यानं कमी-जास्त करता येणाऱ्या लालबद्दल, मात्र सावध राहावं. २०१४ मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांनी स्टायलोफोरा या प्रवाळावर केलेल्या प्रयोगात नुसत्या लाल उजेडाखाली त्याची तब्येत खालावली, आणि निळ्यात मिसळलेल्या लालचाही विपरीत परिणाम दिसला. रेड सीच्या रीफएलईडी दिव्यात निळा आणि पांढरा असे दोनच मुख्य चॅनल आहेत, आणि नवख्याला मी तशाच साध्या दिव्याकडे ढकलतो. आठ चॅनलच्या दिव्यात बिघडवायला आठ जागा असतात. पांढरा आपल्या डोळ्यांसाठी: मासे खरे दिसावेत, टँक घरातल्या बाकी उजेडात शोभावा इतपत ठेवावा.

मोजणं टाळू नये. पाण्याखाली चालणारा अपोजीचा एमक्यू-५१० हा मीटर रीफमधल्या निळ्या एलईडीचं मोजमाप नीट करतो. जुन्या पिढीचे सेन्सर गडद निळा कमी दाखवायचे, म्हणून जुन्या लेखांमधले आकडे आजच्या दिव्यांना लावताना जपून. मीटर महाग आहे, आणि एकदा टँक लागला की वर्षातून दोनदाच लागतो. त्यामुळे शहरातल्या चार-सहा जणांनी मिळून एक घ्यावा आणि फिरवावा. मोजताना एकच आकडा घेऊन थांबू नका. वाळूवर चार कोपरे आणि मध्य, मधल्या उंचीवर पुन्हा तेच, रॉकच्या माथ्यावर दोन-तीन जागा. कागदावर टँकचा आराखडा काढून त्यावर आकडे लिहा. प्रवाळ कुठे ठेवायचं हे मग आपोआप ठरतं. काचेचं झाकण असेल तर ते लावूनच मोजा, आणि दिव्याच्या भिंगावर मिठाची पूड बसली असेल तर आधी ओल्या कापडानं पुसा.

नवा दिवा कितीही चांगला असला तरी तो हळूहळू चढवायचा असतो. झूझँथेली आपली रंगद्रव्यं नव्या उजेडाशी जुळवून घेतात, पण त्याला आठवडे लागतात. ठरवलेल्या पातळीच्या निम्म्यानं सुरुवात करून महिनाभरात वर जावं. बहुतेक दिव्यांच्या अ‍ॅपमध्ये त्यासाठी वेगळी सोय असते. टी५ वरून एलईडीवर येणाऱ्यांनी तर दुप्पट सबुरी ठेवावी. प्रवाळ तपकिरी होत असेल तर घाबरण्याचं कारण नाही: उजेड कमी आहे किंवा पाण्यात नायट्रेट-फॉस्फेट जास्त आहे, आणि दोन्ही सावकाश दुरुस्त करता येतं. फिकं पडत असेल तर मात्र त्याच दिवशी उजेड कमी करावा किंवा प्रवाळ खाली हलवावं. भाजलेलं प्रवाळ परत येईलच असं नसतं. फिकेपणामागे नेहमी दिवाच असतो असंही नाही. वीडेनमान यांच्याच गटानं २०१३ मध्ये दाखवलं की नायट्रेट भरपूर आणि फॉस्फेटची उपासमार अशी अवस्था असली की प्रवाळ उजेड आणि उष्णता दोन्ही कमी सोसतात. पाणी 'शून्य' करण्याच्या नादात फॉस्फेट पार संपवून टाकणाऱ्यांनी हे जरूर ध्यानात ठेवावं.

तासांचं गणित सोपं आहे. १५० पार दहा तास किंवा ३०० पार पाच तास, दिवसाची एकूण मात्रा सारखीच. पण जिथे प्रकाशसंश्लेषण आधीच गच्च भरतं तिथे दुसऱ्या पद्धतीत उजेड फुकट जातो. आठ-नऊ तासांचा मुख्य उजेड आणि दोन्ही टोकांना तासभर चढ-उतार एवढं पुरे. ढग, विजा, वादळ दाखवणारे कार्यक्रम करमणूक म्हणून ठीक. रात्रभर निळा 'मूनलाइट' लावून ठेवण्याचा प्रघात मला आवडत नाही. प्रवाळांना अंधार हवा असतो. चंद्राचा खरा उपयोग कसा करायचा ते लंडनच्या हॉर्निमन संग्रहालयातल्या जेमी क्रॅग्ज यांच्या गटानं दाखवलं आहे. दिवसाची लांबी, पाण्याचं ऋतूंप्रमाणे बदलणारं तापमान आणि चंद्राच्या कला हे सगळं बंद टँकमध्ये उभं करून त्यांनी प्रवाळांचं प्रजनन ठरलेल्या रात्री घडवून आणलं, आणि २०१७ मध्ये ती सगळी रीत प्रसिद्ध केली. एलईडीच्या हुकमी नियंत्रणाचा याहून चांगला उपयोग मला माहीत नाही.

आपल्या हवेत उष्णतेचा मुद्दा शेवटी ठेवून चालत नाही, कारण एप्रिल-मेमध्ये मुंबईत खोलीचं तापमान तेहतीस-चौतीसवर असतं आणि टँक २५ ते २६ अंशांवर ठेवायचा असतो. २५० वॅटचे दोन हॅलाइड बल्ब बॅलास्टसकट ५५० वॅट धरले तर नऊ तासांचे महिन्याला १४८ युनिट होतात, आणि त्यांनी तापवलेलं पाणी थंड करायला चिलर वेगळा. ९० वॅटचे दोन एलईडी पूर्ण ताकदीनं चालवले तरी ४९ युनिट. एलईडीची उष्णता हीटसिंकमधून वर हवेत जाते, पाण्यात कमी उतरते. चिलर एका मापानं लहान घेता येतो, आणि दिव्याची महागाई दोन-तीन उन्हाळ्यांत बरीचशी वसूल होते.

खोक्यावर '५०,००० तास' असं आयुष्य लिहिलेलं असतं. रोज नऊ तास धरले तर पंधरा वर्षं. तेवढं कोणी पाहत नाही. चिप टिकतात, आधी जातो तो पंखा, मग ड्रायव्हर. समुद्राजवळच्या शहरांत दमट खारी हवा आणि टँकमधून उडणारे खाऱ्या पाण्याचे बारीक थेंब पंख्याचे बेअरिंग आणि कनेक्टरचे पाय खातात. म्हणून विकत घेताना मी स्पेक्ट्रमच्या आलेखाआधी विचारतो: पंखा आणि अ‍ॅडॅप्टर भारतात सुटा मिळतो का, दुरुस्ती इथे होते की दिवा परदेशी पाठवावा लागतो? पंखा नसलेला, मोठ्या हीटसिंकवर चालणारा दिवा मिळाला तर कोकणपट्टीत तोच घ्यावा. अ‍ॅडॅप्टर स्टँडमध्ये, टँकखालच्या पाण्याच्या टाकीच्या, म्हणजे सम्पच्या, शेजारी कधीच ठेवू नये, आणि वायरीला टँकच्या खाली एक झोळ द्यावा म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी प्लगपर्यंत पोचत नाही. जुना दिवा घ्यायला माझी हरकत नाही, फक्त जांभळा चॅनल एकटा लावून पाहावा. या चिप इतरांच्या आधी मंदावतात.

वीज जाण्याची तयारी करताना लोक इन्व्हर्टरवर दिवा जोडतात, ते उलटं आहे. एखाद-दोन दिवस उजेड मिळाला नाही म्हणून प्रवाळ मरत नाही. पाणी थांबलं तर मात्र काही तासांत ऑक्सिजन घसरतो, उन्हाळ्यात आणखी लवकर, कारण गरम पाण्यात तो मुळातच कमी विरघळतो, आणि दिवे बंद असताना झूझँथेलीही ऑक्सिजन देत नाहीत, खातात. बॅकअपवर वेव्ह पंप ठेवावा, दिवा नको. दिव्याबाबत तपासायचं ते वेगळंच. काही स्वस्त दिव्यांचं घड्याळ वीज गेली की पुसलं जातं आणि वीज आल्यावर ते थेट शंभर टक्क्यांवर सुरू होतात, मग रात्रीचे दोन का वाजलेले असेनात. नवा दिवा आणल्यावर पहिल्याच आठवड्यात एकदा मुद्दाम स्विच बंद करावा, अर्ध्या तासानं चालू करावा, आणि दिवा आपल्या वेळापत्रकावर परत येतो की नाही ते उभं राहून पाहून घ्यावं.